कोळंबीच्या घासात यवतमाळचे सोयाबीन

आंध्र प्रदेशात भीमावरम, नेल्लोरच्या परिसरातील तळ्यांत वाढणाऱ्या वनामी कोळंबीला दिवसातून तीन-चार वेळा खाद्य टाकले जाते. शेवयांच्या बारीक तुकड्यांसारख्या दिसणाऱ्या तपकिरी गोळीच्या वजनात साधारण चौथा ते तिसरा हिस्सा सोयापेंडीचा असतो. बाकी गव्हाचे पीठ, मासळीची पूड म्हणजे फिशमील, थोडे तेल, जीवनसत्त्वे आणि खनिजे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या यवतमाळ जिल्ह्याचा कोळंबीशी संबंध येतो तो इथे. कापूस आणि सोयाबीन ही जिल्ह्याची दोन मुख्य पिके. सोयाबीनमधून तेल काढल्यावर पेंड उरते, सरकीतून तेल काढल्यावर ढेप. माशांऐवजी वनस्पतींपासून मिळणारी प्रथिने कोळंबीला कशी देता येतील, यावर जगभर जे संशोधन सुरू आहे त्याच्या कच्च्या मालात या दोन गोष्टीही येतात.

हा विषय आज महत्त्वाचा ठरतो तो भावामुळे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता आणि हंगाम सुरू झाला तेव्हा विदर्भातील बाजार समित्यांत सौदे चार हजारांच्या आसपास होत होते. एक क्विंटल सोयाबीन गाळले की साधारण १८ किलो तेल आणि ८० ते ८२ किलो पेंड मिळते. त्यामुळे तेलाचे भाव चढले तरी पेंडीला उठाव नसेल तर सोयाबीन उचलत नाही. पेंड मुख्यतः कोंबड्या खातात; त्यानंतर जनावरे, मासे आणि कोळंबी. कोळंबीच्या खाद्यातील ‘शाकाहारी’ वळण यवतमाळच्या शेतकऱ्याला तारेल, असे अधूनमधून बोलले जाते. ते कितपत खरे आहे हे पाहायचे तर आधी कोळंबीच्या पोटात डोकावावे लागते.

सुरुवात मासळीच्या पुडीपासून करू. कोळंबीला वाढीसाठी खाद्यात सुमारे ३५ टक्के प्रथिने लागतात आणि मासळीच्या पुडीत ती ६० टक्क्यांहून अधिक असतात, तीही कोळंबीला हव्या त्या घडणीची. म्हणून पूर्वी खाद्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग फिशमीलचा असे. आता तो दहा-पंधरा टक्क्यांवर किंवा त्याखाली आला आहे. कारण साधे आहे. एक किलो पूड करायला चार ते पाच किलो ताजी मासळी लागते आणि मासळीचा भरवसा राहिलेला नाही. जगातील सर्वांत मोठा पुरवठादार पेरू. तिथल्या अँचोव्ही या छोट्या माशावर हा धंदा उभा आहे. २०२३ मध्ये एल निनोमुळे पाणी तापले, जाळ्यात पिल्लेच येऊ लागली आणि पेरूने मुख्य पट्ट्यातील वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला. जगभर पूड महागली. आपल्याकडे ही पूड मोठ्या प्रमाणावर तारलीपासून होते. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ मध्ये जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही मिळाली नाही. शिवाय तारली हे किनाऱ्यावरच्या गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन आहे. ती दळून निर्यातीच्या कोळंबीला घालायची का, हा प्रश्न कोकणापासून केरळपर्यंत सगळ्यांनाच टोचणारा आहे.

मग सोयापेंड का नाही? ती ४४ ते ४८ टक्के प्रथिनांची, बारमाही मिळणारी, फिशमीलपेक्षा कितीतरी स्वस्त. अडचण अशी की प्रथिनांचा आकडा जुळला म्हणजे काम झाले असे होत नाही. कोळंबीचे पोट म्हणजे म्हशीचे पोट नव्हे. म्हशीच्या कोठीपोटात सूक्ष्मजीवांची एक मोठी भट्टी असते. निकृष्ट वैरण-ढेपेतूनही ती चांगली प्रथिने घडवते, काही विषारी घटक निष्प्रभ करते. कोळंबीची पचनसंस्था तुलनेने तोकडी. खाल्लेले काही तासांत बाहेर पडते. त्यात जे पचले नाही ते तळ्याच्या तळाशी साचून अमोनिया वाढवते आणि रोगाला आमंत्रण देते.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोधक असतात. प्रथिने तोडणाऱ्या पाचकरसाला ते बांधून ठेवतात. घरी सोयाबीन भाजून किंवा उकडून खायला सांगतात ते याचसाठी. सॉल्व्हंट प्लांटमध्ये पेंडीला वाफ देऊन हे रोधक मारले जातात. उष्णता कमी पडली तर ते उरतात, जास्त झाली तर लायसिन हे अत्यावश्यक अमायनो आम्ल साखरेशी चिकटून निकामी होते. भाकरी कच्ची राहणे आणि करपणे यांच्या मधली ही जागा आहे. ती साधली की नाही हे ओळखायला कारखाने युरिएज चाचणी आणि अल्कलीतील विद्राव्यतेची चाचणी करतात. कोंबडीखाद्यवाला थोडेफार इकडेतिकडे चालवून घेतो. कोळंबीखाद्यवाला सहसा घेत नाही.

पुढची अडचण उणिवांची आहे. सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी. ते वरून घालता येते, पण कोळंबी मासळीसारखी गोळी गिळत नाही. ती गोळी पायांत धरून कुरतडत बसते. तेवढ्या वेळात वरून घातलेले अमायनो आम्ल पाण्यात विरघळून जाते. म्हणून त्यावर आवरण चढवावे लागते आणि गोळी पाण्यात दोन तास तरी फुटू नये अशी बांधावी लागते. सोयाबीनमधील फॉस्फरसचा बराचसा भाग फायटेटच्या रूपात कुलूपबंद असतो. तो सोडवायला फायटेज विकर घालतात. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा माणसाच्या पोटात वायू करतात, कोळंबीच्या आतड्यालाही त्या मानवत नाहीत. चव हा आणखी निराळा मामला. कोळंबी खाद्य शोधते ते वासावर, आणि सोयाबीनला समुद्राचा वास नाही. स्क्विडची पूड किंवा क्रिल एखाद-दोन टक्के घातली तरच ती गोळीकडे वळते.

यातली सर्वांत रंजक गोष्ट कोलेस्टेरॉलची आहे. माणसाला डॉक्टर ते कमी करायला सांगतात. कोळंबीला मात्र ते बाहेरूनच मिळवावे लागते, कारण तिचे शरीर ते तयार करू शकत नाही. कवच टाकून नवे कवच घेण्यासाठी लागणारी संप्रेरके त्यापासूनच बनतात. मासळीच्या पुडीत आणि तेलात ते असते, वनस्पतींत जवळपास नसते. पूर्ण शाकाहारी खाद्य करायचे तर कोलेस्टेरॉल विकत आणून मिसळावे लागते आणि ते महाग असते. सोयाबीनच्या बाजूने एक जमेची गोष्ट सांगायला हवी. त्याच्या तेलातून निघणारे लेसिथिन कोळंबीसाठी उत्तम असते आणि खाद्य कारखाने ते आवर्जून वापरतात.

इतके सगळे सांभाळले तर काय होते? अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठात ॲलन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात तळ्यातील वनामी कोळंबीच्या खाद्यातून फिशमील ९ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने शून्यावर आणले आणि त्या जागी सोयापेंड वाढवली. उत्पादनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हा दाखला नेहमी दिला जातो. पण त्या खाद्यात कुक्कुट प्रक्रिया उद्योगातून उरणाऱ्या मांसाची पूड होती, हे सहसा सांगितले जात नाही. म्हणजे मासा गेला होता, प्राणिज प्रथिन गेले नव्हते. दुसरे म्हणजे तळ्यात कोळंबी शेवाळ, किडे, गाळातले सूक्ष्मजीवही खाते. खाद्यातली उणीव त्यातून थोडी भरून निघते. स्वच्छ पाण्याच्या टाकीत हेच खाद्य उघडे पडू शकते. तेव्हा फिशमील बरेच कमी करता येते हे सिद्ध आहे. ते पूर्ण काढून निव्वळ पेंडीवर कोळंबी वाढवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असले तरी खर्चाच्या हिशेबात अजून बसत नाही.

भारतातही या दिशेने काम झाले आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने, म्हणजे ‘सिबा’ने, देशी कच्च्या मालावर आधारलेले ‘वनामी प्लस’ हे खाद्य विकसित केले. खाद्यावर तळेवाल्याचा निम्म्याहून अधिक खर्च होतो, तेव्हा किलोमागे काही रुपये वाचले तरी त्याला फरक पडतो. खाद्य कारखान्यांनीही फिशमीलचा वाटा कमी केला आहे; आंध्रातील मोठ्या कंपन्यांच्या कच्च्या मालात फिशमील, सोयापेंड आणि गव्हाचे पीठ हे तीन घटक ठळक असतात. पर्यावरणाची काळजी हे त्यामागचे एकमेव कारण नाही. किंमत हे अधिक प्रामाणिक कारण आहे.

यवतमाळच्या दृष्टीने सोयाबीनपेक्षा सरकीची कथा जास्त मोलाची ठरू शकते, आणि तिच्याकडेच कमी लक्ष गेले आहे. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की ३४ किलोच्या आसपास रुई आणि त्याच्या जवळपास दुप्पट सरकी निघते. वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी इथल्या जिनिंगमधून निघणारी सरकी ऑईल मिलमध्ये बहुतांशी टरफलासकट गाळली जाते. त्यातून येणारी ढेप २२-२३ टक्के प्रथिनांची, टरफलामुळे तंतुमय, आणि थेट गोठ्यात जाते. या ढेपेचा बाजार एवढा पक्का आहे की वायदेबाजारात तिचा सौदा अकोला हे केंद्र धरून होतो. गायी-म्हशींसाठी ती उत्तमच आहे. कोळंबीसाठी मात्र ती चालत नाही. टरफल काढून, सॉल्व्हंटने तेल ओढून घेतले तर त्याच सरकीतून ४० टक्के प्रथिनांची पेंड मिळते. ती चालू शकते, पण तिथे आडवे येते गॉसिपॉल.

गॉसिपॉल हे कपाशीने किडींपासून बचावासाठी राखलेले पिवळे विष. पानांवर, सरकीच्या गरात बारीक काळे ठिपके दिसतात, त्या ग्रंथींत ते असते. म्हशीच्या कोठीपोटात ते बरेचसे बांधले जाते. कोंबडीला दिले तर वाढ खुंटते आणि अंड्याचा बलक हिरवट पडतो. कोळंबीची भूक आणि वाढ दोन्ही त्याने मंदावतात. ते निष्प्रभ करायला पेंडीत फेरस सल्फेट मिसळतात किंवा उष्णता देतात. उष्णतेने गॉसिपॉल बांधले जाते, पण ते लायसिनलाच जाऊन चिकटते, आणि सरकीत लायसिन मुळात कमी. म्हणजे विष गेले, सोबत प्रथिनाचा कसही गेला.

यावर दोन मार्ग निघाले आहेत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी सरकीतले गॉसिपॉल तयार करणारे जनुकच तेवढ्यापुरते मुके केले. पाने-फुलांत विष कायम, म्हणजे किडींपासून बचाव कायम, आणि सरकी जवळपास विषमुक्त. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये या कपाशीवरील निर्बंध उठवले आणि २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने तिच्या सरकीला खाद्य म्हणून हिरवा कंदील दिला. भारतात ती नाही, आणि जनुकबदल पिकांबाबतची इथली कोंडी पाहता लवकर येईल असेही नाही. दुसरा मार्ग चीनने धरला. तिथे विद्रावकांनी गॉसिपॉल धुऊन काढून ६० टक्क्यांहून अधिक प्रथिने असलेले सरकीचे सांद्र तयार होते आणि मत्स्यखाद्यात वापरले जाते. चीनचा कापूस मुख्यतः शिनजियांगमध्ये पिकतो, आणि शिनजियांग समुद्रापासून यवतमाळपेक्षा कितीतरी लांब आहे. म्हणजे अंतर ही खरी अडचण नव्हे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेही सूक्ष्मजीवांकडून सरकीची पेंड आंबवून गॉसिपॉल कमी करण्याची पद्धत विकसित केली आहे. तंत्र हाताशी आहे. ते प्रयोगशाळेतून जिनिंगच्या आवारात आलेले नाही, एवढेच.

यवतमाळचा माल तळ्यापर्यंत न्यायचा तर आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागेल, जिची चर्चा कमी होते. कोळंबी ही संधिपाद प्राणी, म्हणजे कीटकांची दूरची नातेवाईक. ज्या कीटकनाशकाने बोंडअळी किंवा मावा मरतो त्याला तीही बळी पडू शकते. फिशमीलच्या जागी वनस्पती आल्या की समुद्रातील जड धातूंची काळजी घटते, पण शेतातील फवारणीचे अवशेष तळ्यात पोहोचण्याचा नवा रस्ता उघडतो. नॉर्वेत सॅल्मनचे खाद्य वनस्पतींकडे झुकले तेव्हा त्यात साठवणुकीत वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांचे अंश सापडले आणि तिथल्या संशोधकांना त्याचा वेगळा अभ्यास करावा लागला. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गमावलेल्या जिल्ह्याला फवारणीचे शिस्तशास्त्र निराळे समजावून सांगायला नको. दिलासा इतकाच की यातली अनेक रसायने तेलात विरघळणारी असतात, त्यामुळे तेल काढलेल्या पेंडीत त्यांचे प्रमाण कमी राहते. पण ‘कमी’ म्हणजे किती, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

दुसरा धोका बुरशीचा. काढणीच्या वेळी पाऊस आला, गंजी भिजली, दाणे काळवंडले की त्यांवर बुरशी चढते आणि अफ्लाटॉक्सिनसारखी विषे तयार होतात. कोळंबीचे यकृतसदृश इंद्रिय, हेपॅटोपँक्रियाज, या विषाला नाजूक असते. वाढ घटते, प्रतिकारशक्ती ढासळते, आणि तळेवाला मग रोगाचे खापर बियाण्यावर फोडतो. २०२३ मध्ये विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला, २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीने यवतमाळची शेते पाण्याखाली गेली. अशा वर्षी शेतकरी भिजलेला माल मिळेल त्या भावाला विकतो, व्यापारी तो चांगल्या मालात मिसळतो आणि सगळा ढीग मध्यम दर्जाचा होतो. २०२४ मध्ये केंद्राने हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. शेतकऱ्याच्या अडचणीत ते योग्यच होते, पण ओला माल साठवणुकीत बुरशी धरतो हेही तितकेच खरे.

खाणाऱ्याच्या ताटात काय फरक पडतो, असाही प्रश्न येतो. फार नाही. शंभर ग्रॅम कोळंबीत वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि जेमतेम एखादा ग्रॅम चरबी असते. ती चरबी कोणत्या प्रकारची हे खाद्यावर ठरते. सोयाबीन तेल वाढले की ओमेगा-६ वाढते, माशांच्या तेलातून येणारे ओमेगा-३ घटते. पण मुळात चरबीच इतकी थोडी की कोळंबी हा ओमेगा-३ चा मोठा स्रोत कधी नव्हताच. त्यासाठी बांगडा-तारली बऱ्या. सोयाबीनवर वाढलेली कोळंबी ‘आरोग्यदायी’ किंवा ‘बनावट’ अशी जाहिरात कुणी केली तर दोन्हीकडे दुर्लक्ष करावे. भारतीय कोळंबीची खेप परदेशात अडते ती प्रतिजैविकांच्या अवशेषांमुळे. त्याचा पेंडीशी संबंध नाही.

आता बाजाराचा हिशेब. २०२४-२५ मध्ये भारताने ७ लाख ४१ हजार टन गोठवलेली कोळंबी निर्यात केली; तिची किंमत ४३ हजार कोटी रुपयांहून अधिक. यातली तीन लाख टनांहून जास्त एकट्या अमेरिकेत गेली. एक किलो कोळंबीला साधारण दीड किलो खाद्य लागते. देशाला वर्षाकाठी ढोबळमानाने बारा लाख टन कोळंबीखाद्य लागते असे धरले आणि त्यात तिसरा हिस्सा सोयापेंड मानली, तर चार लाख टन पेंड होते, म्हणजे पाच लाख टन सोयाबीन. देशाचे पीक सव्वाशे लाख टनांच्या घरात. म्हणजे चार टक्के! उद्या खाद्यातले सगळे फिशमील काढून तिथे सोयापेंड घातली तरी हा आकडा पाच-साडेपाच टक्क्यांपलीकडे जात नाही. कोळंबी सोयाबीनचा भाव उचलून धरेल ही आशा या हिशेबात टिकत नाही.

उलट दिशेने झटका मात्र बसतो, आणि लगेच बसतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले होते, पेंड भडकली होती आणि पशुखाद्याचे सगळे धंदे ओरडत होते. केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयातीला परवानगी दिली. नवीन पीकही तोंडावर होते; दोन्ही मिळून काही आठवड्यांत भाव निम्म्यावर आला. जनुकबदल सोयाबीन पेरायला बंदी आणि त्याची पेंड खाऊ घालायला परवानगी, ही विसंगती तेव्हा शेतकरी संघटनांनी दाखवून दिली होती. तिचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावले. कोळंबीचे दर पडले, आंध्रातील तळेवाल्यांनी नवी पिल्ले सोडताना हात आखडता घेतला. तळी रिकामी म्हणजे खाद्याला उठाव नाही. याच सुमारास मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून डीडीजीएस हा चोथा प्रचंड प्रमाणात बाजारात आला. प्रथिने पेंडीपेक्षा कमी, पण दरही बराच कमी. कोंबडीखाद्यात त्याने सोयापेंडीची जागा घेतली. कोळंबीखाद्यात तो सावधपणे वापरावा लागतो, कारण मक्यातील बुरशीची विषे त्या चोथ्यात जवळपास तिप्पट सांद्र होतात. सोयाबीनच्या वायद्यांवर डिसेंबर २०२१ मध्ये ‘सेबी’ने घातलेली बंदी नंतर पुन्हा पुन्हा वाढवली गेली, त्यामुळे पुढचा भाव काय राहील याचा अंदाज घेण्याचे साधनही शेतकऱ्याकडे राहिले नाही.

मग कोळंबीच्या खाद्यातून यवतमाळला मिळवण्यासारखे काही आहेच का? आहे, पण ते मालाच्या प्रमाणात नाही, प्रतीत आहे. डीडीजीएस आल्यापासून स्वस्त प्रथिनाच्या शर्यतीत सोयाबीन हरत चालले आहे. कोळंबीखाद्य हा असा थोड्या गिऱ्हाइकांपैकी एक, ज्याला स्वस्तापेक्षा खात्रीचे प्रथिन हवे असते: साल काढलेली, नेमकी भाजलेली, बुरशीमुक्त, तपासलेली पेंड. आंबवलेली पेंड किंवा ६५ टक्के प्रथिनांचे सोयासांद्र यांना साध्या पेंडीपेक्षा चढा दर मिळतो. तो दर शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही, कारण वाटेत कुठेही प्रथिन मोजलेच जात नाही.

महाराष्ट्रातला दूध उत्पादक फॅट आणि एसएनएफवर पैसे घेतो. ऊस उत्पादकाचा दर साखर उताऱ्याला बांधलेला आहे. सोयाबीनचा सौदा मात्र ‘दहा-दोन-दोन’वर चालतो: ओलावा १० टक्के, माती-काडीकचरा २, डागी दाणे २. दाण्यात प्रथिन ३७ टक्के आहे की ४१, याला भावात जागा नाही. इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने कुनिट्झ ट्रिप्सिन रोधक नसलेला ‘एनआरसी १२७’ हा वाण काढला, त्यानंतर ‘एनआरसी १४२’. पेंडीला कमी भाजावे लागेल, लायसिन वाचेल, असे हे दाणे. पण ते बाजार समितीत आले की त्याच ढिगात जातात आणि त्याच भावाने विकले जातात. शेतकऱ्याने मग जास्त उतारा देणारे वाण सोडून हे का पेरावेत?

निअर-इन्फ्रारेड यंत्र मिनिटाभरात दाण्यातील प्रथिन, तेल आणि ओलावा सांगते. खाद्य कारखान्यांच्या फाटकावर ती यंत्रे आहेत; आलेला प्रत्येक ट्रक तिथे तपासला जातो आणि प्रथिन कमी भरले तर पैसे कापले जातात. म्हणजे साखळीच्या एका टोकाला मोजणी होते, दुसऱ्या टोकाला होत नाही, आणि फरकाचे पैसे मधल्या मधे राहतात. जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्या बऱ्याच आहेत. सोयासांद्राचा कारखाना टाकणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे आहे आणि अनुदानाच्या भरवशावर तो टाकायला लावणे अन्यायाचेही ठरेल. एकाच वाणाचा माल वेगळा ठेवणे, वाळवणे, तपासून प्रमाणपत्रासह सॉल्व्हंट प्लांटला देणे एवढे मात्र त्यांना जमण्यासारखे आहे. सरकीत तर टरफल काढण्याची यंत्रणा एखाद-दुसऱ्या ऑईल मिलने बसवली तरी सुरुवात होऊ शकते.

मत्स्यव्यवसायाला राज्याने एप्रिल २०२५ मध्ये शेतीचा दर्जा दिला. त्याचा मुख्य रोख मच्छीमार आणि तळेवाल्यांच्या वीजदर-कर्जावर आहे, खाद्याच्या कच्च्या मालावर नाही. केंद्राने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कोळंबीखाद्यासाठी लागणाऱ्या क्रिल पूड, माशांचे तेल, शैवालतेल, कीटकांची पूड अशा आयात घटकांवरचे सीमाशुल्क कमी केले. निर्यातदारांच्या दृष्टीने ते रास्त होते. देशातल्या देशात पेंडीची प्रत वाढवणाऱ्याला मात्र त्यातून काही मिळाले नाही. नागपूरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय, तिथलीच केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या तिन्ही संस्था यवतमाळपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. सरकीची आंबवलेली पेंड गोड्या पाण्यातल्या जंबो झिंग्याला कशी मानवते, हे पाहायला बेंबळा किंवा अरुणावतीच्या काठावरचे एखादे तळे पुरेल. त्यासाठी आंध्रात जायला नको. येत्या खरिपात पेरणी होईल ती मात्र नेहमीच्याच वाणांची, आणि दिवाळीच्या आसपास राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून पांढरकवडा, पाटणबोरीमार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या ट्रकांत भरलेल्या पेंडीचे प्रथिन पहिल्यांदा मोजले जाईल ते खाद्य कारखान्याच्या फाटकावरच.